सुपडूची पहिली मूठ

खरं सांगा, गर्दीत पाठीला धक्का बसला की मागे वळून शिवी कुणाला देता?

जो लगत उभा असतो त्याला. मीही त्यालाच देतो. पण धक्का त्याचा नसतो हो! त्यालाही मागून बसलेला असतो, आणि त्याच्या मागच्याला त्याच्याही मागून. ज्याने खरा रेटा दिला तो लांब कुठेतरी इस्त्रीचे कपडे घालून उभा असतो. तिथपर्यंत तुमची शिवी पोचत नाही. आमच्याकडे ती शिवी सुपडूने खाल्ली. दोन वर्षांहून जास्त झाली, अजून खातो आहे. मला हे बघवत नाही म्हणून लिहायला बसलो.

सुपडू जळगावजवळच्या असोद्याचा. बापाची बैलगाडी होती. ती मोडल्यावर हा रावेरला गेला आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर केळीची हमाली करू लागला. पुढे तिथलाच मुकादम झाला. मुकादम म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे छडीवाला माणूस उभा राहील. सुपडूच्या हातात छडी नसायची, राखेचं घमेलं असायचं. मिशा मात्र छडीवाल्याच्या. ट्रकच्या आरशात बघून तो त्यांना पीळ द्यायचा, आणि ड्रायव्हर ओरडला की म्हणायचा, "थांब रे, तुझा आरसा पहिल्यांदा कामाला आलाय." नम्रपणा त्याच्या वाटेला कधी गेलाच नाही. 'मी' हा शब्द तो विडीसारखा ओढायचा, एक संपला की दुसरा पेटवायचा.

ज्यांनी तो मालधक्का पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका बाजूला ट्रक आणि ट्रॅक्टर लागायचे, दुसऱ्या बाजूला वॅगनी. मधल्या मोकळ्या पट्ट्यातून बाया डोक्यावर केळीचे घड घेऊन जायच्या आणि रिकाम्या परत यायच्या. पायाखाली पानांचा चेंदा आणि घडांतून गळालेला चीक. गाडी सुटायची घाई सगळ्यांनाच. जाणारी येणारीवर आदळायची. एक आदळली की तिच्यामागची तिला टाळायला वळायची, तिच्यामागची आणखी वळायची, आणि बघता बघता धक्क्याच्या मधोमध बायांचा भोवरा तयार व्हायचा. वारा नसताना वावटळ उठावी तसा. घड फुटायचे, माना लचकायच्या, आणि सगळ्या एकमेकींच्या आयांचा उद्धार करायच्या.

सुपडूने तिथे विटांच्या भट्टीची जाड राख आणून टाकली. पहिल्या दिवशी हौसेने टाकली ती घोट्याएवढी. बायांचे पाय रुतायला लागले. भोवरा गेला, पण चालणंही गेलं. रांगच्या रांग जागच्या जागी उभी. झुंबरबाई धुळ्याकडची, तोंडाने फाटकी. डोक्यावर घड तसाच ठेवून तिने सगळ्यांदेखत विचारलं, "मुकादम, आम्ही केया वाहाले उनूत का वावर नांगराले?"

केळी वाहायच्या जागी नांगरटच झाली, त्या दिवशी वॅगन अर्धी रिकामी गेली. सुपडूने ऐकून घेतलं का? छे. "राख बरोबर आहे, तुमचे पाय चुकीचे आहेत," म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन त्याने अर्धी राख फावड्याने ओढून काढली. पायाचा ठसा उमटेल पण पाऊल बुडणार नाही, एवढीच ठेवली. आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. कुणी दोरी बांधली नाही, कुणी शिट्टी वाजवली नाही. थोड्याच वेळात जाणाऱ्या बाया आपोआप एका बाजूला लागल्या, येणाऱ्या दुसऱ्या बाजूला. जमिनीवर पट्टे आखल्यासारख्या.

मी विचारलं, "सुपडूभाऊ, हे काय केलंस?"

"काही नाही. रेट्याचा जीव काढला." मग मिशीला हात. "हे बघ. पाणी बिचारं उतार शोधतं. माणसाच्या पायात ज्याचं त्याचं इंजिन असतं, उतार नसला तरी तो वाहतो. आता चिकण्या जमिनीवर एकीने रेटलं की तो रेटा पार शेवटच्या बाईपर्यंत जातो. जाता जाता वळतो, मग सगळा घोळका स्वतःभोवतीच फिरायला लागतो. राखेवर तोच रेटा दोन हातांत मरतो. लांबचीचा धक्का तुझ्यापर्यंत येतच नाही. तुला शेजारचीचं भान ठेवलं की झालं."

हे त्याला कुठून कळलं, तर मुंग्यांकडून. खोटं सांगत नाही. दुपारच्या सुट्टीत तो पितळेच्या ताटात मुंग्या सोडायचा. चिकण्या ताटात त्या काठाकाठाने गोल गोल फिरत राहायच्या. मग त्याच मुंग्या गोणपाटावर सोडायचा, तर तिथे त्या धाग्याधाग्याने ओळी धरायच्या. झुंबरबाई भाकरी खाता खाता म्हणायची, "बठ्ठा गाव काम करस, आन हाऊ मुंग्यास्ना मुकादम!" बाया खो खो हसायच्या. सुपडूही हसायचा, पण ताट बाजूला करायचा नाही. सगळं त्याला कळलं होतं असंही नव्हे. मुंग्या माणसांपेक्षा हुशार असतात कारण त्यांना नवरे नसतात, असंही त्याचं एक मत होतं, आणि ते तो तेवढ्याच ठासून सांगायचा.

या राखेतून धक्क्यावर एक रीत पडली. सकाळी काम सुरू होण्याआधी मुकादमाने पहिली मूठ टाकायची. हात वर करून, सगळ्यांना दिसेल अशी. मूठ पडल्याशिवाय एकही बाई पट्ट्यावर पाऊल ठेवायची नाही. पुढच्यांनी बघितलं की त्या मागे आवाज द्यायच्या, "मूठ पडली!" आणि रांग हलायची. ज्याची मूठ, त्या दिवशीच्या सगळ्या माना त्याच्या गळ्यात. कुणाला काही झालं तर जाब त्याला. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्या धक्क्यावर देवाच्या शपथेला जेवढा मान नव्हता तेवढा या मुठीला होता. सुपडू तर हात वर करून क्षणभर थांबायचा, सगळ्या बघतात ना, हे बघून घ्यायचा, आणि मग सोडायचा. "सुपडूच्या मुठीवर कुणी पडत नाही," हे तो स्वतःच सांगत फिरायचा. आणि खरंच कुणी पडलं नव्हतं.

आता भाईदास. तोही याच धक्क्यावरचा. आईबरोबर आला, मिसरूड फुटायच्या आधीपासून घड वाहिले. त्याला पहिलं घमेलं सुपडूने दिलं, राख पसरायला शिकवली. पण गडी बोलका. त्याने बोलायला तोंड उघडलं की बाया घड खाली ठेवून ऐकत. मग तो आमच्या हमालांच्या संघटनेत आला, पुढारी झाला, रावेर सोडून जळगावला राहायला गेला. मला त्याचा अभिमान होता. सुपडूला तर इतका, की भाईदासचं भाषण असलं की हा सगळ्यांच्या पुढे बसायचा आणि मागे वळून वळून लोकांकडे बघायचा, जणू भाषण त्यानेच शिवून दिलं आहे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत आम्ही मोर्चा काढायचं ठरवलं. मागणी अगदी साधी. वॅगनीत चढायच्या ज्या लाकडी फळ्या होत्या त्या गुळगुळीत झाल्या होत्या. चिकाने ओल्या झाल्या की पाय टिकेना. फळ्यांना आडव्या पट्ट्या ठोका, एवढंच मागणं. फळ्या केळीचा व्यवहार पाहणाऱ्या संघाच्या. संघाचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्याकडे वकील बसलेले आहेत आणि माझ्याकडे नुसता राग आहे.

संघाची जळगावात नवी इमारत झाली होती, असोद्याकडून येणाऱ्या रस्त्याच्या अंगाला. मोर्चा तिथे न्यायचा. आठवडाभर आधी सुपडू एकटाच जाऊन ती जागा बघून आला. आल्या आल्या माझ्या खोलीवर भाईदाससमोर उभा राहिला.

"भाईदास, अंगणात फरशी केलीय. वर पॉलिश. मी मिशी बघितली तीत."

"मग काय झालं?"

"काय झालं काय! चार-पाचशे बाया आत घेतल्या आणि मागून रेटा आला, तर काय होईल? तिथे राख लागेल. बाहेर रस्त्यावर नको, रस्ता खरखरीत आहे. आत लागेल."

"टाकू की. असोद्याच्या भट्टीवरून एक ट्रॉली सांगून ठेव."

"फाटकात मी थांबवीन. आधी राख पसरायची, मग मूठ, मग बाया."

"अरे हो बाबा."

"शब्द?"

भाईदास हसला. त्याने सुपडूच्या खांद्यावर हात ठेवला. "सुपडूभाऊ, पहिलं घमेलं मला कुणी दिलं? तुझ्याशी खोटं बोलू?"

तो हात, ते हसणं. माझ्या खोलीत. आजही त्या कोपऱ्यात बसायला नको वाटतं.

मोर्चाचा दिवस. बाया रावेरहून गाडीने आल्या आणि जळगाव स्टेशनवरून रांगेत निघाल्या. सुपडू पहाटेच असोद्याला जाऊन भट्टीवर राख भरून देऊन पुढे आला होता. ट्रॉली निंबा आणणार होता, तो ट्रॅक्टर चालवायचा, आमच्याच ओळखीचा. ठरलं होतं ते असं: सुपडूने असोदा रस्त्याच्या नाक्यावर थांबायचं, ट्रॉली आली की तिच्यावर बसून संघाच्या इमारतीत जायचं, आणि मोर्चा पोचायच्या आत राख पसरून फाटकात उभं राहायचं. म्हणून तो नाक्यावर थांबला. हातात रिकामं घमेलं.

ट्रॉली आली नाही.

ती निघाली होती. नाक्याच्या अलीकडे नाल्याजवळ मोटारसायकलवरच्या एका माणसाने निंबाला अडवलं. त्याने सांगितलं, "संघाने स्वतःच राख टाकून घेतलीय, ही इथेच खाली कर आणि जा." निंबाने तिथेच रस्त्याच्या कडेला पालथी केली आणि ट्रॅक्टर वळवला. हे त्याने त्या रात्री मला एकट्याला सांगितलं. नाक्यावरून नाला दिसत नाही, मध्ये वळण आहे. सुपडू रस्त्याकडे बघत उभा. दुसऱ्या बाजूने मोर्चाच्या घोषणा जवळ जवळ येत होत्या.

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा आत मांडव, ताशा, रांगोळी. इमारतीची पूजा त्याच सकाळी ठेवली होती. संघाचे दोन नोकर फाटकात उभे. "आत पूजा झालीय, चपला बाहेर काढा." आता सांगा, आमच्या बाया काय करणार? पूजेच्या जागी चपला घालून जाणाऱ्या त्या नव्हेत. आल्या तशा चपला काढत गेल्या, फाटकातच ढीग व्हायला लागला. पण काढून झाल्यावर उंबऱ्यापाशी थबकल्या. सगळ्यात पुढे कमलबाई होती. धक्क्यावर सगळ्यांत जड घड ती उचलायची, सुपडूला भाऊ मानायची. आतली फरशी धुतलेली, अजून ओली, आभाळ दिसावं इतकी चकचकीत. कमलबाईने पाय उचलला नाही. मान वर करून ती सुपडूला शोधत होती.

आतून फोटोवाला हात हलवत होता. संघाचे चेअरमन मोर्चाच्या स्वागताला म्हणून पायऱ्यांवर हार घेऊन उभे. त्यांच्या शेजारी भाईदास, पांढरा सदरा. कमलबाई थबकलेली, तिच्यामागे सगळा मोर्चा थबकलेला. भाईदास दोन पायऱ्या उतरला. पूजेच्या ताटातून त्याने मूठ भरली. हात वर केला, क्षणभर थांबला, सगळ्या बघतात ना हे बघितलं. अगदी सुपडूसारखं. आणि सोडली.

गुलाल होता तो. पुढच्या दोन-तीन रांगांना कळलं असेल. पण मागच्यांना दिसला तो नुसता वर गेलेला हात आणि पांढरी बाही. सुपडूचीही बाही पांढरीच असायची. मी मधल्या बाजूला फलक धरून होतो, माझ्या पुढूनच आवाज उठला, "मूठ पडली! मूठ पडली!" आणि मोर्चा हलला.

पुढच्या आत गेल्या नाहीत, ढकलल्या गेल्या. अनवाणी पावलं, ओली पॉलिशची फरशी. पायऱ्यांशी पुढे जागा संपली तसा रेटा वळला. सुपडूने ताटात दाखवलं होतं तसाच. अंगण गोल फिरायला लागलं. कुणी कुणाला मुद्दाम ढकलत नव्हतं, प्रत्येक जणी सरळच चालायला बघत होती, आणि सगळ्या मिळून फिरत होत्या. बाहेर पडावं तर फाटकात चपलांचा ढीग, त्यात पाय अडकून बाया अडलेल्या. आत पाय टिकेना आणि दारात पाय सुटेना. मध्ये कमलबाई पडली. तिच्यावर आणखी पडल्या.

घोषणा एकदम थांबल्या, ते सुपडूला नाक्यावर ऐकू आलं. घमेलं घेऊन तो पळत आला. फाटकाशी त्याने काय केलं माहीत आहे? आत घुसला नाही. त्याने घमेल्याने चपला उपसून रस्त्यावर फेकायला सुरुवात केली. मग मीही लागलो. दार मोकळं झालं तेव्हा तो फिरणारा घोळका हळूहळू उसवला.

कुणी मेलं नाही, ही नशिबाची गोष्ट. कमलबाईचं कंबरेचं हाड मोडलं. पुन्हा डोक्यावर घड चढला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात चपलांच्या ढिगाचा फोटो. आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात भाईदासने बायांना जमवून जे सांगितलं ते मी शब्दाशब्दाने सांगतो, कारण ते माझ्या कानांत भरून राहिलं आहे. म्हणाला, "मुकादम जागेवर नव्हता. राखेचं काम त्याच्याकडे होतं, त्याने राख आणलीच नाही." आणि लगेच पुढे, "पहिली मूठ कुणाची असते, हे तुम्हाला मी सांगायला नको."

जागेवर नव्हता, आणि मूठही त्याचीच! दोन्ही एकदम कसं, हे एकीनेही विचारलं नाही. रडणाऱ्या माणसाला हिशेब सुचत नाही, हे भाईदासला पक्कं ठाऊक. सुपडू तिथेच कोपऱ्यात उभा होता. झुंबरबाई त्याच्यापाशी गेली. ज्या तोंडाने रोज त्याची थट्टा करायची त्याच तोंडाने म्हणाली, "तुना भरोसावर पाय टाका रे आम्ही."

तो म्हणाला, "मूठ माझी नव्हती."

"आम्ही दखा ना हात!"

तो वळला आणि व्हरांड्याची पायरी उतरला. मोठ्या तोंडाचा माणूस, शब्द कमी पडायची त्याला सवय नव्हती.

बायांसमोर सांग म्हणून मी निंबाला पुन्हा गाठला. आता तो म्हणाला, "कसली राख? मी त्या दिवशी ट्रॅक्टर काढलाच नाही." महिनाभरात तो संघाची जीप चालवायला लागला. भट्टीवाला म्हणाला, राख रोज जाते, कुणी नेली कोण लक्षात ठेवतो. नाल्याजवळ जाऊन बघितलं तर ढीगही नव्हता. आजूबाजूच्या बायांनी टोपल्या भरभरून भांडी घासायला नेला होता म्हणे; कोणत्या बायांनी, ते मात्र कुणी सांगेना. खाली राहिला होता तो नुसता करडा डाग.

मग मी भाईदासकडे गेलो. संघाच्या इमारतीसमोर टपरी आहे, तिथे तो चहा घेत होता.

"ट्रॉली कुणी परत पाठवली?"

"कसली ट्रॉली?"

"भाईदास, मी पेपरवाला नाही."

त्याने इकडेतिकडे बघितलं. मग मला समजावून सांगावं तसं म्हणाला, "अरे, नवी फरशी. पूजेच्या आदल्या दिवशी पुन्हा घोटून घेतलेली. चेअरमन म्हणाले, राखबिख नको, डाग राहतील. मी म्हटलं, नको तर नको. एवढ्याने काय होतंय!"

"आणि मूठ?"

"बाया फाटकात अडून बसल्या होत्या. फोटोवाला खोळंबलेला. ताटात गुलाल होता, टाकला."

"त्या का अडून बसल्या होत्या, तुला माहीत होतं."

त्याने कपात पडलेली माशी बोटाने काढून झटकली आणि उरलेला चहा प्यायला. "हे बघ," म्हणाला, "फळ्यांना पट्ट्या मिळतायत. मी मिळवून देतोय. तू मध्ये माती कालवू नकोस."

मी त्याची गचांडी धरली. टपरीवाल्याने सोडवलं. त्यावरून गावात काय झालं, तर मी भांडखोर आहे हे पुन्हा एकदा सिद्ध झालं.

पट्ट्या खरंच मिळाल्या. पहिली पट्टी भाईदासने स्वतः ठोकली, फोटो आला. पुढच्याच वर्षी तो संघात संचालक म्हणून बसला. ज्या फळ्यांवर आता बायांचे पाय टिकतात त्यांच्यावर चढायला कमलबाई नाही, आणि खाली राख पसरायला सुपडू नाही. मूठ टाकायची रीतही बंद पडली. नवा मुकादम शिट्टी वाजवतो.

सुपडू धुळ्याला गेला, देवपुरात लेकीकडे. तिथे एका लाकडाच्या वखारीत रखवाली करतो. गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो. संध्याकाळची वेळ होती, आम्ही पांझरेच्या पुलावर उभे होतो. शाळा सुटलेली, पोरं, सायकली, भाजीवाल्या, सगळं पुलावरून वाहत होतं. मिशा पांढऱ्या झाल्यात. पीळ नाही. मी मुद्दाम विषय काढला, "बघ सुपडूभाऊ, इथे कसे पट्टे पडतायत." त्याने बघितलं नाही.

म्हणाला, "भाईदास खोटं बोलला त्याचं मला काही नाही."

"काही नाही कसं?"

"पुढारी माणूस, बोलायचाच. पण त्याने माझा हात उचलला रे. तो थांबला ना वर हात करून, तसा मी थांबायचो. ते मी त्याला शिकवलं नव्हतं. ते त्याने बघून बघून घेतलं होतं." मग कठड्यावरून नदीकडे वाकला. "कमलबाई काय म्हणते?"

कमलबाई काय म्हणते ते मला माहीत होतं. टपरीवर झालेलं बोलणं मी तिला सुपडू धुळ्याला गेल्यावर जाऊन सांगितलं होतं. तिने खाटेवर पडल्या पडल्या सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुया बोलन्यावर कसा भरोसा ठेवू भाऊ? तू त रोज कोनाशी तरी भांडतो. भाईदासशी तुया उभा दावा. मले परका मानूस आनून दे, ज्यानं त्या दिवशी ती राख पाह्यली. एकच आन. मी उठून देवपूरले जाईन, अन् त्याले पयल्यासारखी भाऊ म्हनीन. बाकीच्या बायांले मीच सांगीन."

हे मी सुपडूला सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "एकच?" म्हणाला. मग मान हलवली. "कोण येणार आता. राख भांड्यांना लागून मोरीत गेली."

म्हणून मी तुमच्याकडे आलो आहे. सभा, मोर्चे, निवेदनं, मला जे जे येतं ते सगळं इथे निकामी आहे. मला हवा आहे एक माणूस ज्याचं माझ्याशी नातं नाही आणि भाईदासशी वैर नाही. तो तुमच्यातलाच कुणीतरी असणार.

तुम्ही असोद्याहून एस.टी.ने किंवा मोटारसायकलीने जळगावला येता. अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत, मोर्चाच्या सकाळी, नाक्यावर एक मिशीवाला माणूस रिकामं घमेलं घेऊन रस्त्याकडे डोळे लावून उभा होता. त्याला तुम्ही पाहिलं असेल, कदाचित हसलाही असाल. किंवा नाल्याच्या वळणावर करड्या राखेचा ताजा ढीग दिसला असेल. किंवा ताई, तुम्हीच त्यातली टोपलीभर राख घरी नेली असेल आणि त्या दिवशी तुमची पितळी भांडी चकचकीत निघाली असतील. कुणी तुमच्याकडून राख परत मागणार नाही. कोर्ट नाही, सही नाही, पेपरात नाव नाही.

रावेरला स्टेशनासमोर कमलबाईचं घर कुणीही दाखवेल. जा, तिच्या खाटेशी बसा, आणि एवढंच सांगा की राख निघाली होती, मी पाहिली.